कोरेगावातले घर आणि ग्रामीण गृहकर्ज : चौदा महिन्यांचा अनुभव

सातारा जिल्ह्यातील कोरेगावात नोव्हेंबर 2023 मध्ये आम्ही विकत घेण्यासाठी घर शोधू लागलो आणि जानेवारी 2025 मध्ये स्वतःच्या घरात राहायला आलो. मधल्या चौदा महिन्यांत आम्ही तीन घरांसाठी एकाच गृहवित्त कंपनीकडे अर्ज केले. त्यांपैकी दोन नाकारले गेले आणि तिसरा मंजूर झाला. या कंपनीच्या ‘ग्रामीण गृहकर्ज’ या सेवेविषयी मी येथे लिहिते आहे. कंपनीचे नाव दिलेले नाही, कारण माझ्या काही तक्रारी एका शाखेतील कामकाजाविषयी आहेत आणि तेवढ्यावरून संपूर्ण संस्थेवर शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही. माझे मत मात्र सुरुवातीलाच सांगते. लहान गावात घर घेणाऱ्याला या कर्जातून पैसे तर मिळतातच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे घराच्या कागदांची तटस्थ तपासणी होते. आम्हाला मिळालेले दोन्ही नकार त्या वेळी फार लागले होते; आज त्या दोन्ही नकारांबद्दल मी कृतज्ञ आहे.

आमची परिस्थिती सांगितल्याशिवाय या सेवेचे मोल कळणार नाही. मी एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात साहाय्यक आहे आणि माझे 15,000 रुपये दरमहा बँकेत जमा होतात. माझे यजमान पाण्याच्या मोटारींचे रिवायंडिंग आणि पंपदुरुस्तीचे दुकान चालवतात. त्यांची मिळकत ऋतूप्रमाणे बदलते. फेब्रुवारी ते मे या काळात विहिरींवरच्या मोटारी जळतात, तेव्हा दुकानात उभे राहायला जागा नसते. पावसाळ्यात मात्र काही आठवडे दिवसाला एखादे काम येते. आयकराचे विवरणपत्र त्यांनी तोवर एकदाच भरले होते. आम्ही प्रथम राष्ट्रीयीकृत बँकेत गेलो, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी सौजन्यानेच सांगितले की किमान दोन ते तीन वर्षांची विवरणपत्रे नसतील तर व्यवसायाचे उत्पन्न त्यांना हिशेबात धरता येणार नाही, आणि माझ्या एकटीच्या पगारावर जे कर्ज बसेल त्यात कोरेगावात दोन खोल्याही येणार नाहीत. गावातल्या पतसंस्थेत ओळख होती, पण तेथे व्याज जास्त आणि मुदत थोडी, त्यामुळे हप्ता आमच्या आवाक्याबाहेर जात होता.

गृहवित्त कंपनीने येथे वेगळा मार्ग धरला. त्यांचे अधिकारी एका मंगळवारी दुकानात आले आणि जवळजवळ तीन तास बसले. त्यांनी दुरुस्तीसाठी आलेल्या मोटारी मोजल्या, तांब्याच्या तारेच्या खरेदीची वर्षभराची बिले महिन्यांप्रमाणे लावली, उधारीची वही पाहिली, वीजबिल आणि दुकानाचा भाडेकरार तपासला, शेजारच्या दोन दुकानदारांशी बोलले आणि एका अश्वशक्तीच्या मोटारीला तार किती लागते व मजुरी किती मिळते हे विचारून घेतले. तारेच्या खरेदीवरून कामाचा आणि कामावरून मिळकतीचा अंदाज बांधण्याची ही पद्धत मला अतिशय न्याय्य वाटली. ज्याच्याकडे पगाराची पावती नाही, पण खरोखरचा धंदा आहे, अशा माणसाला ती त्याच्या कामावरून ओळखते. त्यांनी यजमानांचे उत्पन्न महिना 26,000 रुपये धरले. आमच्या मते ते थोडे कमी होते, पण पावसाळ्याचे महिने लक्षात घेता ते योग्यच होते, हे नंतर पटले.

ही पद्धत काही आजची नाही. 1986 मध्ये स्थापन झालेल्या गृह फायनान्स या कंपनीने गुजरात आणि महाराष्ट्रातील लहान गावांत, पगारदार नसलेल्या कुटुंबांना अशाच तऱ्हेने कर्जे दिली होती. 2019 मध्ये ती बंधन बँकेत विलीन झाली. 1988 मध्ये राष्ट्रीय आवास बँक स्थापन झाली आणि स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 1997 मध्ये, ग्रामीण गृहकर्जांसाठी सुवर्णजयंती योजना आली. त्या योजनेत 1991 च्या जनगणनेनुसार 50,000 पर्यंत लोकसंख्या असलेले गाव ग्रामीण मानले जात असे. याचा अर्थ तालुक्याचे बहुतेक गाव कर्जाच्या भाषेत ग्रामीणच ठरते, मग तेथे नगरपंचायत असो वा नसो. आमच्या कंपनीची व्याख्याही साधारण हीच होती. ही बाब पुढे अनुदानाच्या वेळी महत्त्वाची ठरली.

आता घरांविषयी. लहान गावात घर शोधायला दुकान थाटून बसलेला एजंट क्वचितच सापडतो. चहाच्या टपरीवर, केशकर्तनालयात, किराणा दुकानात आणि मार्केट यार्डातल्या आडत्याकडे शब्द टाकून ठेवावा लागतो, आणि मग कोणीतरी ओळखीचा कोणालातरी घेऊन येतो. या माणसांचा भरवसा गावाच्या ओळखीवर चालतो आणि तो खोटा नसतो. अडचण एवढीच की त्यांच्यापैकी कोणीही कागद पाहिलेला नसतो. ‘पन्नास वर्षं तेच राहतायत, कोण काय म्हणणार आहे?’ हे वाक्य आम्ही प्रत्येक घराच्या अंगणात ऐकले.

पहिले घर कोरेगावापासून काही किलोमीटरवरच्या एका गावात, गावठाणात होते. दगडी जोते, सागवानी तुळया, मागे परसात शेवग्याचे झाड आणि किंमत 14 लाख रुपये. आम्हा दोघांनाही ते पाहताक्षणी आवडले होते आणि मी तर मनातल्या मनात देव्हाऱ्याची जागाही ठरवून टाकली होती. मालकांनी ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा दाखवला, त्यावर तीन भावांची नावे होती, घरपट्टी वेळच्या वेळी भरलेली होती. आमच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते. कंपनीच्या वकिलांच्या दृष्टीने ते पुरेसे नव्हते, आणि त्यांनी लिहिलेल्या दोन पानांच्या हरकती मी आजही जपून ठेवल्या आहेत.

पहिली हरकत अशी की नमुना 8 ही कर आकारणीची नोंदवही आहे. कर कोणाकडून घ्यायचा एवढेच ती सांगते, मालकी सिद्ध करत नाही. गावठाणातल्या घरांना वर्षानुवर्षे सातबारा नसतो, कारण ती शेतजमीन नाही, आणि मालमत्ता पत्रक नसते, कारण तेथे नगर भूमापन झालेले नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठीच 24 एप्रिल 2020 रोजी स्वामित्व योजना सुरू झाली आणि ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घरमालकांना मालमत्ता पत्रक आणि सनद देण्याचे काम हाती घेतले गेले. त्या गावात मोजणी झालेली होती, पण या घराचे पत्रक तयार झालेले नव्हते. दुसरी हरकत अधिक गंभीर होती. घर मूळ वडिलांच्या नावावर होते, ते 1998 मध्ये वारले आणि त्यानंतर तीन मुलांची नावे लागली. दोन मुलींची नावे कोठेही नव्हती आणि त्यांचे हक्कसोड पत्रही नव्हते. 1956 चा हिंदू वारसा कायदा वडिलांच्या मिळकतीत मुलींना वारस मानतोच. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि त्यासाठी दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. भावांनी आम्हाला सांगितले, ‘बहिणींचं काही म्हणणं नाही.’ ते खरेही असेल. पण नोंदणीकृत दस्त त्यांच्या सहीने झालेला नव्हता, आणि उद्या त्यांच्या मुलांनी दावा लावला असता तर उत्तर आम्हाला द्यावे लागले असते. गिरणगावात उमेदीची वर्षे घालवलेले थोरले भाऊ म्हणाले की बहिणींकडे सही मागायला जाणे त्यांना प्रशस्त वाटत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये अर्ज नाकारला गेला. कंपनीने अर्जशुल्क म्हणून घेतलेले वस्तू व सेवा करासह 3,540 रुपये परत मिळाले नाहीत.

येथे पहिली तक्रार नोंदवते. त्या शुल्कातून ज्या वकिलांनी तपासणी केली त्यांचा अहवाल आम्हाला देण्यास शाखेने प्रथम साफ नकार दिला. तो अंतर्गत दस्तऐवज आहे, असे सांगण्यात आले. मी लेखी अर्ज दिला, दोनदा जाऊन बसले, तेव्हा हरकतींचे एक पत्र मिळाले. ज्या तपासणीचे पैसे ग्राहक भरतो, तिचा निष्कर्ष त्याला कारणांसह आणि मराठीत मिळाला पाहिजे. हरकती कळल्या नाहीत तर ग्राहकाला वाटते की आपणच अपात्र ठरलो, आणि मग तो त्याच घरासाठी सावकाराकडे किंवा सोने तारण ठेवायला जातो. आमच्या ओळखीत असे घडलेले आहे.

दुसरे घर अगदी नवीन होते. गावाबाहेर रस्त्यालगत एका शेतकऱ्याने शेताचे दीड-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडले होते आणि त्यांपैकी एकावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर पाण्याची टाकी असे नेटके घर उभे होते. मागणी 19 लाखांची होती. त्या घराचे कागद वकिलांकडे दोन दिवसही थांबले नाहीत. जमीन अकृषिक झालेली नव्हती, म्हणजे तिच्या बिगरशेती वापराला परवानगी नव्हती, सातबारा सामाईक होता आणि ‘मालकी’ एका नोटरी केलेल्या साठेखतावर, म्हणजे पुढे विक्री करण्याच्या नुसत्या करारावर, उभी होती. 1947 चा तुकडेबंदीचा कायदा आणि ऑगस्ट 2023 मध्ये ठरलेले प्रमाणभूत क्षेत्र (शेतजमिनीच्या तुकड्याची किमान मर्यादा), म्हणजे बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे, यांमुळे त्या दीड गुंठ्याचे खरेदीखत दुय्यम निबंधक नोंदवूच शकत नव्हते. पुढे जुलै 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी नागरी भागातले एक गुंठ्यापर्यंतचे असे व्यवहार नियमित करण्याची घोषणा विधानसभेत केली. पण ते घर एक गुंठ्याहून मोठे होते, आणि घोषणेच्या भरवशावर आयुष्याची पुंजी लावता येत नाही. याच घराच्या व्यवहारात आणखी एक गोष्ट घडली, जी लहान गावांत सर्रास घडते. विक्रेत्यांनी 6 लाख रुपये रोख मागितले आणि दस्तात किंमत 13 लाख दाखवायची असे सुचवले. आयकर कायद्यानुसार स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही. शिवाय दस्तातली किंमत कमी झाली की कर्जही त्याच प्रमाणात कमी होते. जो खरेदीदार कर्ज घेणार आहे त्याला रोखीचा व्यवहार परवडतच नाही. कर्ज घेतल्याने माणूस नकळत सरळ मार्गावर राहतो, हा या सेवेचा एक गुण मी मनापासून मानते.

या दोन अनुभवांनंतर आम्ही क्रम उलटा केला. घर पसंत करून मग कागद मागण्याऐवजी, घर पाहायला जातानाच चार कागदांची झेरॉक्स मागू लागलो: सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, अकृषिक आदेश, मंजूर नकाशा आणि मालकाच्या खरेदीची सूची क्रमांक 2, म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा. ज्यांच्याकडे हे नव्हते त्यांच्याकडे चहा घेऊन आम्ही नमस्कार करून निघत असू. काहींना ते उद्धट वाटले असेल. पण सहा महिन्यांचे काम असे सहा आठवड्यांत झाले.

तिसरे घर ऑक्टोबर 2024 मध्ये मिळाले. रेल्वे स्टेशनच्या बाजूला, नगरपंचायतीच्या हद्दीत, अकृषिक झालेल्या जुन्या प्लॉटिंगमधले, दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर असलेले, पंधरा वर्षांचे घर. मालक एस.टी.तून निवृत्त झालेले गृहस्थ होते आणि मुलाकडे पुण्याला निघाले होते. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो, आणि त्यांनी प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत, तारखेनुसार लावून ठेवला होता, अगदी बांधकामाच्या वेळच्या सिमेंटच्या पावत्यांसह. गच्चीला एका कोपऱ्यात ओल होती, नळाला पाणी दिवसाआड येत होते, आणि पहाटेच्या गाडीचा आवाज पहिले काही दिवस झोपमोड करतो. व्यवहार 22 लाखांना ठरला आणि आम्ही 51,000 रुपये विसार धनादेशाने दिला.

तीस वर्षांच्या सर्च रिपोर्टमध्ये, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींच्या तपासणीत, एकच अडथळा आला. मूळ शेतजमीन असताना जुन्या शेतकऱ्याने विकास सोसायटीचे कर्ज घेतले होते आणि त्याचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कात तसाच राहून गेला होता. कर्ज कधीच फिटलेले होते, पण नोंद कोणी कमी केली नव्हती. सोसायटीकडून बेबाकीचा, म्हणजे कर्ज फिटल्याचा, दाखला, तलाठ्यांकडे अर्ज, फेरफार, मंडल अधिकाऱ्यांचे प्रमाणन आणि मग स्वच्छ सातबारा, यात पाच आठवडे गेले. काकांनी स्वतः हेलपाटे घातले. कंपनीच्या वकिलांनी कोणता अर्ज कोणत्या शब्दांत करायचा हे फोनवर सांगितले, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

पैशांचे सविस्तर सांगते, कारण घर घेणाऱ्याला खरी गरज याच माहितीची असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. कंपनीच्या मूल्यांकनकर्त्यांनी 22 लाखांच्या घराचे मूल्य 20 लाख धरले आणि लहान गावात घर पुन्हा विकायला वेळ लागतो, या कारणाने 80 टक्के, म्हणजे 16 लाख रुपये मंजूर केले. उरलेले 6 लाख आणि नोंदणीचा खर्च आम्हाला स्वतः उभा करावा लागला. त्यासाठी पोस्टातली आवर्ती ठेव, यजमानांची मुदत ठेव आणि माझ्या दोन बांगड्या कामी आल्या. जो कोणी ‘दहा टक्के भरा आणि घर घ्या’ अशा हिशेबाने निघेल, त्याने लहान गावात किमान तीस टक्क्यांची तयारी ठेवूनच निघावे.

व्याजाचा दर 9.25 टक्के लागला. त्या वेळी पगारदारांना बँका 8.5 टक्क्यांच्या आसपास देत होत्या. वीस वर्षांच्या मुदतीत 16 लाखांवर हा फरक दरमहा 769 रुपयांचा होतो. ज्याच्याकडे विवरणपत्रे नाहीत त्याच्याकडून ही किंमत घेतली जाते. मला ती जास्त वाटते, पण अन्यायकारक म्हणवत नाही, कारण दुकानात तीन तास बसून तार मोजण्याचे काम बँकेने केले नव्हते. शाखेने आम्हाला वीस वर्षांचा 14,654 रुपयांचा हप्ता सुचवला होता. मी घरी बसून पंधरा वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा हप्ता 16,467 रुपये आला. महिन्याला 1,813 रुपये जास्त, पण एकूण व्याज सुमारे 19 लाख 17 हजारांवरून 13 लाख 64 हजारांवर येते. आम्ही पंधरा वर्षे घेतली. कंपनीने धरलेल्या 41,000 रुपयांच्या मासिक उत्पन्नाच्या चाळीस टक्के रक्कम हप्त्यात जाते आणि पावसाळ्यात ओढाताण होते, म्हणून उन्हाळ्यातल्या कमाईतून तीन हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवतो. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात जास्तीचे थोडे भरण्याचाही आमचा विचार आहे.

आता दुसरी आणि सर्वांत मोठी तक्रार. मंजुरीपत्रावर सही करायला बोलावले तेव्हा कर्जाची रक्कम 16 लाख 58 हजार झालेली होती. वरचे 58,000 हे कर्जाच्या विम्याचा एकरकमी हप्ता होता, तो आमच्या कर्जातच मिळवला होता, आणि त्यावर पंधरा वर्षे व्याज द्यायचे होते. विचारल्यावर उत्तर मिळाले की सगळेच घेतात. मी विमा वाईट मानत नाही; घरात कमावणारी दोनच माणसे असताना तो असावाच. पण तो याच कंपनीमार्फत, याच पद्धतीने घेण्याची सक्ती नाही, आणि ‘सक्ती आहे का ते लेखी द्या’ असे म्हटल्यावर ती रक्कम अर्ध्या तासात निघाली. त्यानंतर यजमानांसाठी आम्ही साधा मुदत विमा वेगळा घेतला. जो ग्राहक लेखी मागायला कचरतो, त्याच्या कर्जात ते 58,000 तसेच राहतात, याचे मला आजही वाईट वाटते.

या प्रसंगी मला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ या कागदाचा उपयोग झाला. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या सर्व किरकोळ, म्हणजे व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या, कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने तो अनिवार्य केला आहे आणि गृहवित्त कंपन्यांनाही तो लागू आहे. व्याज, शुल्क, विमा असे सगळे धरून वर्षाला प्रत्यक्ष किती टक्के पडतात हे त्यात लिहिलेले असते, कर्जदाराला समजेल अशा भाषेत तो द्यावा लागतो, आणि विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्यात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. शाखेने मला तो इंग्रजीत दिला होता. मराठीत मागितल्यावर चौथ्या दिवशी मिळाला, आणि त्यातली मराठी स्वच्छ, वाचता येण्याजोगी होती. मग ती प्रत आधीच का देत नाहीत, हा माझा प्रश्न आहे. प्रक्रिया शुल्क एक टक्का, करासह 18,880 रुपये, त्यात स्पष्ट लिहिलेले होते.

खरेदीखत माझ्या एकटीच्या नावावर केले. 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात निवासी घर केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पतीचे नाव सोबत लावले तर ती मिळत नाही. आमचे 22,000 रुपये त्यामुळे वाचले, आणि नोंदणी फी एक टक्का, म्हणजे तेवढीच, भरावी लागली. कर्जाला यजमान सहअर्जदार आहेत, मालकी माझी आहे. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात कंपनीचे प्रतिनिधी वेळेवर हजर होते, 16 लाखांचा धनाकर्ष त्यांनी काकांच्या हातात सहीनंतर दिला आणि दीड तासात काम संपले. काकांनी किल्ल्या देताना मागच्या आंब्याच्या रोपाला उन्हाळ्यात किती पाणी लागते तेही सांगितले.

अनुदानाविषयी गावात फार गैरसमज आहेत. ग्रामीण कर्ज म्हणून घेतले की ग्रामीण योजनेचे पैसे मिळतात, असे अनेकांना वाटते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात पात्र यादीतल्या कुटुंबांना बांधकामासाठी सपाट प्रदेशात 1,20,000 रुपये मिळतात. तयार घर विकत घेणाऱ्याचा तिच्याशी संबंध नाही. आमचे घर नगरपंचायतीच्या हद्दीत असल्याने ते शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात बसले. वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत, कुटुंबाच्या नावावर देशात कोठेही पक्के घर नसणे आणि कर्ज 1 सप्टेंबर 2024 नंतरचे असणे, या अटी पूर्ण झाल्यास पहिल्या 8 लाखांवर चार टक्के व्याज अनुदान, पाच वार्षिक हप्त्यांत मिळून जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार रुपये मिळू शकतात. म्हणजे कंपनीच्या लेखी ग्रामीण असलेले तेच कर्ज शासनाच्या लेखी शहरी ठरले, आणि पहिल्या घरासाठी कर्ज झाले असते तर हे अनुदान मिळालेच नसते. ही माहिती शाखेने आपणहून दिली आणि अर्जही भरून घेतला. आमचा अर्ज सध्या तपासणीत आहे.

कर्ज सुरू झाल्यानंतरच्या सेवेला मी मध्यम म्हणेन. फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना पैसे उसने देते) 6.5 वरून 5.5 टक्क्यांवर आणला. बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे 2019 पासून रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली आहेत, त्यामुळे ती कपात तेथे लवकर पोचते. गृहवित्त कंपन्यांना तसे बंधन नाही आणि त्या आपापला मूळ दर ठरवतात. आमचा दर ऑक्टोबरपर्यंत अर्धा टक्काच उतरला. दोन वर्षांची विवरणपत्रे पूर्ण झाली की बँकेत कर्ज हलवण्याचा विचार आम्ही करणार आहोत, आणि हे शाखेला सांगितलेही आहे. तारण म्हणून घेतलेल्या 23 मूळ कागदांची सही-शिक्क्याची यादी मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी दिली. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत हे कागद परत करावे लागतात आणि उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते, असा डिसेंबर 2023 पासूनचा नियम आहे. म्हणून ती यादी कर्जपुस्तिकेहूनही जपून ठेवावी.

मार्च महिन्यात त्या पहिल्या, दगडी जोत्याच्या घराचे मधले भाऊ पाच अश्वशक्तीची जळालेली मोटार घेऊन यजमानांच्या दुकानात आले. काम होईपर्यंत बसले आणि जाताना त्यांनी विचारले की वकिलांनी लिहिलेली ती दोन पाने बघायला मिळतील का. यजमानांनी त्यांना झेरॉक्स काढून दिली. दिवाळीत ते पुन्हा भेटले तेव्हा म्हणाले की थोरल्या भावाला घेऊन ते कल्याणला आणि कराडला बहिणींकडे जाऊन आले. एका बहिणीने हक्कसोड पत्र करून दिले. दुसरीने आपला हिस्सा ठेवला, आणि आता घराच्या उताऱ्यावर चार नावे आहेत.